भाच्याच्या गावाला

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने तिथला राजवाडा, टॉवर ब्रिज आणि थंडी यांविषयी लिहावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. हे सारे मीही पाहिले. त्याचे फोटो आमच्या सौ.ने घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर दाखवून झाले आहेत. पण तिकडे पाहिलेले आणि अजून मनातून न गेलेले असे काय, असे कुणी विचारले तर मी एका थडग्याचे नाव सांगेन. वर ज्याचे नाव कोरले आहे तो त्याखाली पुरलेला नाही. पुरणार कसा? तो गृहस्थ कधी जन्मालाच आला नव्हता.

पण ते थडगे सहलीच्या शेवटी येते. आरंभ आमच्या घरच्या फोनपासून केला पाहिजे.

आपल्याकडे मुले सुटीत मामाच्या गावाला जातात. मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी भाच्याच्या गावाला गेलो. माझा भाचा मुकुंद २००२ साली शिकायला म्हणून लंडनला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्याचा न चुकता फोन यायचा. इकडचे-तिकडचे बोलून झाले की शेवटचे वाक्य ठरलेले असे : “मामा, एकदा या.” मीही ठरलेले उत्तर देत असे : “बघू.” वीसएक दिवाळ्या असे चालले. २०२३ साली सौ.ने माझ्या हातून फोन काढून घेतला आणि “येतोय आम्ही डिसेंबरात” असे सांगून टाकले. मग मला पौंडाचा भाव विचारावा लागला. तो शंभराच्या वर होता. सदाशिव पेठेतल्या, जन्मभर एका कारखान्याचे हिशेब ठेवलेल्या माणसाला विमानात झोप का लागली नाही, हे आता वेगळे सांगायला नको.

मुकुंदचे घर हॅरोला. लंडनच्या वायव्येला असलेले हे उपनगर. संध्याकाळचे चार वाजले होते आणि चक्क अंधार पडला होता. मुकुंद गाडीतून सामान काढत होता, सौ. चकलीचे डबे मोजत होती. मी एकटाच पुढे होऊन दारापाशी उभा राहिलो. पण घंटा वाजविण्यासाठी हात काही उचलेना. तेवढ्यात दार आतूनच उघडले. नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. ती काही बोलली नाही. मान एका बाजूला झुकवून तिने नुसती आत येण्याची खूण केली. ही मुकुंदची ईरा. ही एवढीशी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिचा पुढे संबंध येणार आहे.

या घरात एक मजेशीर रिवाज आहे. नाताळच्या आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी सारे मिळून एकाच गोष्टीवरचे निरनिराळे चित्रपट पाहतात. गोष्ट चार्ल्स डिकन्सची, ‘अ ख्रिसमस कॅरोल’. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती लंडनला प्रसिद्ध झाली. लिहायला डिकन्सला सुमारे सहा आठवडे लागले. पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेलच. स्क्रूज नावाचा एक कवडीचुंबक सावकार. नाताळ म्हणजे सारे थोतांड असे मानणारा. बॉब क्रॅचिट हा त्याचा गरीब कारकून. ऐन नाताळच्या पूर्वरात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचे, मार्लेचे भूत येते आणि मागोमाग तीन भुते येतात. एक त्याला भूतकाळ दाखविते, दुसरे वर्तमान आणि तिसरे भविष्य. भविष्यात त्याला स्वतःचेच बेवारशी थडगे दिसते. सकाळी म्हातारा जागा होतो तो निराळाच माणूस होऊन.

बॉबविषयी सारे बोलतात, त्याच्या पांगळ्या मुलाविषयी बोलतात. पण गोष्टीच्या सुरुवातीलाच आणखी एक माणूस स्क्रूजच्या कचेरीत येऊन जातो. तो दर नाताळला येतो, “उद्या जेवायला या” म्हणून सांगतो आणि दर वर्षी नकार घेऊन हसत परत जातो. त्याचे नाव फ्रेड. इंग्रजीत त्याचे नाते सांगायला एकच शब्द आहे; काका, मामा, मावशीचा नवरा, सारे त्यांच्याकडे ‘अंकल’. पण फ्रेड हा स्क्रूजच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा आहे. आपल्या भाषेत अशी पळवाट नाही. मराठीत स्क्रूज हा मामा होतो.

पहिल्या रात्री मुकुंदने गोष्ट समजावून सांगितली तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. मी काही बोललो नाही.

दिवसा मुकुंद आम्हाला गावात फिरवी. एके दिवशी आम्ही कॉर्नहिलला गेलो. जुन्या लंडनमधला हा पेढ्यांचा आणि व्यापाराचा भाग. मोठ्या रस्त्याच्या मागे सेंट मायकेल्स ॲली नावाची बोळ आहे. लंडनमधले पहिले कॉफीगृह १६५२ साली इथेच निघाले. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे, अशी तिची रुंदी. वर आकाशाची एक पट्टी आणि बाजूला चर्चचा मनोरा. स्क्रूजची कचेरी नेमकी कुठे होती हे डिकन्स सांगत नाही, पण वाचकांनी ती मनाने इथेच वसविली आहे. नाताळची सुटी मिळाल्याच्या आनंदात बॉब क्रॅचिट या कॉर्नहिलवरच्या बर्फावरून पोरांच्या रांगेत वीस वेळा घसरतो आणि मग धावत कॅम्डन टाऊनला घरी जातो.

आम्ही कॅम्डन टाऊनला रेल्वेने गेलो. आज तिथे बाजाराची झुंबड आहे. डिकन्स लहानपणी तिथल्या बेहॅम स्ट्रीटवर राहत होता. ते घर आता नाही. तो बारा वर्षांचा असताना बाप कर्जापायी तुरुंगात गेला आणि पोराला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसावे लागले. बॉबचे चार खोल्यांचे घर त्याने इथेच का वसविले, हे मग कुणी सांगावे लागत नाही.

मी कारकुनाच्या जातीचा. त्यामुळे मी मनाशी हिशेब मांडला. बॉबचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. पुस्तकाची किंमत पाच शिलिंग. म्हणजे बॉबला स्वतःची गोष्ट विकत घ्यायची झाली असती तर आठवड्याच्या पगारातला तिसरा हिस्सा मोजावा लागला असता! छपाई इतकी थाटाची केली होती की त्या पहिल्या सहा हजार प्रतींत डिकन्सच्या पदरात केवळ २३० पौंड पडले. त्याची अपेक्षा हजाराची होती. कंजूषपणाविरुद्ध लिहिणाऱ्याने जमाखर्चाकडे दुर्लक्ष केले, म्हणायचे.

डाउटी स्ट्रीटवरचे त्याचे ४८ क्रमांकाचे घर आता संग्रहालय आहे. ही गोष्ट लिहिण्यापूर्वी, १८३७ ते १८३९, तो तिथे राहत होता. उभे राहून वाचण्यासाठी त्याने स्वतः आखून करवून घेतलेले मेज तिथे ठेवले आहे. आपल्या गोष्टींचे तो जाहीर वाचन करी. आज पडद्यावर स्क्रूज, बॉब, भुते अशी वेगवेगळी माणसे येतात. तिथे त्या मेजामागे तो एकटाच ती सारी होत असे.

आता संध्याकाळचे खेळ.

पहिल्या संध्याकाळी मुकुंदने १९०१ सालचा मूकपट लावला. आर. डब्ल्यू. पॉल या इंग्रजाने काढलेला. त्यातला शिल्लक राहिलेला भाग जेमतेम साडेतीन मिनिटांचा आहे. चहाचा कप अर्धा होईतो संपतो. पण त्यात दारावरच्या ठोठावायच्या कडीच्या जागी मेलेल्या मार्लेचा चेहरा दिसू लागतो, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीची ती करामत पाहून सौ. “अगं बाई!” म्हणून माझा हात धरती झाली. तिन्ही भुतांचे काम तिथे पांढरी चादर गुंडाळलेला मार्लेच उरकतो. काटकसर म्हणतात ती ही.

दुसऱ्या संध्याकाळी १९५१ सालचा ‘स्क्रूज’. दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट, स्क्रूजच्या भूमिकेत ॲलेस्टर सिम. कृष्णधवल. या गोष्टीवर पुष्कळ चित्रपट झाले. पण ज्याच्या नावाशी स्क्रूज कायमचा चिकटला तो नट सिमच. मोठाले डोळे, ओघळलेला चेहरा आणि आवाजात एक थकवा. हा स्क्रूज दुष्ट वाटत नाही. फार वर्षांपूर्वी कसलीशी भीती वाटून ज्याने दारे लावून घेतली आणि मग ती उघडायची कशी हेच विसरला, असा वाटतो. चित्रपटाने मूळ गोष्टीत एक भर घातली आहे. फ्रेडला जन्म देताना स्क्रूजची लाडकी बहीण मरते आणि म्हणून त्याला भाच्याचे तोंड पाहवत नाही.

भुते येऊन जातात. सकाळ होते. सिम लहान पोरासारखा उड्या मारतो; घरकाम करणारी बाई त्याला वेड लागले समजून किंचाळत जिना उतरते. (तो आरशात पाहतो तेव्हा चित्रपटवाल्यांपैकी कुणीतरी आरशात दिसतो. ईराने हे मला आधीच सांगून ठेवले होते आणि त्या क्षणी कोपराने ढोसलेही.) इथपर्यंत मी मजेत पाहत होतो.

मग स्क्रूज भाच्याच्या घरी जातो. मोलकरीण दार उघडते. म्हातारा आत येतो. दिवाणखान्याचे दार समोर, आतून गाण्याचा आवाज येतो आहे, आणि याचा पाय उचलत नाही. इतक्या वर्षांचा उर्मटपणा, इतक्या वर्षांचे नकार, आणि आता कोणत्या तोंडाने आत जावे? तो वळून त्या मोलकरणीकडे पाहतो. ती पोर काही बोलत नाही. नुसती मान हलवून, हसून, ‘जा’ म्हणते. आणि तो जातो.

मी शेजारी पाहिले. ईरा माझ्या शालीचे टोक अंगावर घेऊन बसली होती. मला आमच्या पहिल्या संध्याकाळची, तिने उघडलेल्या दाराची आठवण झाली. मी चष्मा पुसला. “काच धुरकट झालीय,” असे काहीतरी म्हणालो. घरात धूर कसला असणार, तिथे विजेची शेगडी आहे.

त्या रात्रीपासून माझी एक कसोटी ठरून गेली. भुते कशी साधली, बर्फ खरा वाटला की खोटा, यावरून लोक हे चित्रपट तोलतात. मी दारावरून तोलू लागलो. भुतांपुढे कोण वाकत नाही? भीतीने रात्रीत बदललेला माणूस खरोखर बदलला की नाही, हे दुसऱ्या दिवशी भाच्याच्या दाराशी कळते.

या कसोटीला सारेच उतरत नाहीत. १९७० सालच्या रंगीत ‘स्क्रूज’मध्ये अल्बर्ट फिनी म्हातारा झाला आहे. प्रत्यक्षात तो तेव्हा पस्तिशीच्या आत होता. ॲलेक गिनेस मार्ले. गाणी, नाच, सारे गाव रस्त्यावर. पाहताना पाय आपोआप ताल धरतो. पण गर्दीत माफी मागणे सोपे असते. १९७१ सालचा रिचर्ड विल्यम्सचा चित्रांचा चित्रपट अवघा पंचवीस मिनिटांचा. जुन्या पुस्तकातली कोरीव चित्रे अंधारातून चालू लागावीत तसा. ऑस्करचे पारितोषिक मिळविणारा या गोष्टीवरचा चित्रपट तेवढाच. त्यात स्क्रूजचा आवाज पुन्हा ॲलेस्टर सिमचाच आहे, हे कळले तेव्हा जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले.

ईराचा आवडता चित्रपट म्हणजे १९९२ सालचा बाहुल्यांचा, ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’. बॉब क्रॅचिट बेडूक, त्याची बायको डुकरीण आणि गोष्ट सांगणारा डिकन्स हा निळा, लांब नाकाचा कोणी विचित्र प्राणी! मी नाक मुरडूनच बसलो. पण मायकेल केन हा स्क्रूज झालेला नट त्या बाहुल्यांशी अशा गंभीरपणे वागतो की जणू समोर नामांकित नट उभे आहेत. तो एकदाही प्रेक्षकांकडे बघून डोळा मिचकावीत नाही. अर्ध्या तासात मी बेडकाच्या पगाराची काळजी करू लागलो.

तो संपल्यावर ईरा म्हणाली, “आजोबा, आणखी एक स्क्रूज आहे. बदक आहे तो. पैशाच्या ढिगात पोहतो.”

हे बदक मला ठाऊक होते. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर ते हिंदीतून बोलत असे आणि मुकुंद ते पाहायला आमच्याकडे येत असे. कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ साली काढलेल्या या बदकाचे नाव डिकन्सच्या स्क्रूजवरूनच ठेवलेले आहे. आणि गंमत पाहा, डोनाल्ड हा त्याच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे बदकसुद्धा मामाच!

“बाबा लहानपणी तुम्हाला अंकल स्क्रूज म्हणायचे,” ईरा म्हणाली. “मला आजीनं नाही, बाबांनीच सांगितलं.”

भाचेसून “ईरा!” म्हणून ओरडली. मुकुंद लाल झाला. सौ. तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसलो. हसण्यासारखेच होते ते. पण अंथरुणावर पडल्यावर मात्र २००१ सालची भाऊबीज डोळ्यांसमोर उभी राहिली.

सुमन, मुकुंदची आई, माझी धाकटी बहीण. मेहुणे लवकर गेले. तिने शिवणकाम करून मुलाला शिकविले. त्या भाऊबीजेला तिने मला ओवाळले आणि ताट हातात तसेच धरून म्हणाली, “दादा, यंदा ओवाळणी नको. मुकुंदला बाहेरच्या विद्यापीठानं घेतलंय. दोन लाख कमी पडतायत. उसने दे. तो फेडील.” जन्मात पहिल्यांदा तिने माझ्याजवळ काही मागितले होते. माझी बँकेत ठेव होती. दोन लाखांहून अधिक होती. मी म्हणालो, “ठेव मुदतीची आहे गं. आत्ता मोडली तर व्याज बुडेल.” आणि ताटात एक्कावन्न रुपये ठेवले.

ती रागावली नाही. तिने ताट खाली ठेवले आणि माझ्या पानात आणखी एक करंजी वाढली. पैसे तिने कुठून उभे केले ते मी कधी विचारले नाही. २००४ साली ती गेली. माझी ठेव व्याजासकट वेळेवर हाती आली.

फोन करून “मामा, एकदा या” म्हणणाऱ्या भाच्याला वीस वर्षे मी “बघू” का म्हणत होतो, ते आता वाचकांना कळले असेल. विमानाचे भाडे हे निमित्त होते.

पंचवीस डिसेंबरला लंडनमध्ये एकही सार्वजनिक गाडी धावत नाही. भुयारी रेल्वे नाही, बस नाही. एवढे मोठे शहर दार लावून जेवायला बसते. आम्ही घरीच १९८४ सालचा चित्रपट पाहिला. यात जॉर्ज सी. स्कॉट हा अमेरिकन नट स्क्रूज आहे. तो हडकुळा, कुबडा नाही. चांगला भरदार, सुखवस्तू, धान्याच्या सौद्यात शेवटची पै सोडत नाही असा व्यापारी. असली माणसे आपण रोज पाहतो. कधी कधी आरशातही. दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर. १९५१ सालच्या चित्रपटाचे संकलन याच माणसाने केले होते. तेहतीस वर्षांनी त्याने तीच गोष्ट पुन्हा हाती घेतली. यातल्या दाराच्या प्रसंगात स्क्रूज भाच्याला सांगतो की तुझ्या चेहऱ्यात मला माझ्या बहिणीची सावली दिसते.

मुकुंदची हनुवटी सुमनसारखी आहे. मी त्या संध्याकाळी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले.

चित्रपट संपल्यावर तो म्हणाला, “मामा, हा जिथं काढला ते गाव दाखवतो तुम्हाला. स्क्रूजचं थडगं अजून आहे तिथं.”

गावाचे नाव ऐकून सौ. उठून बसली. श्रूजबरी! पुण्याच्या माणसाला हे नाव कयानी बेकरीच्या डब्यावरून पाठ. बिस्किटांना नाव देणारे गाव खरोखर पृथ्वीच्या पाठीवर आहे, हे तिला पटेना.

लंडनहून बर्मिंगहॅमला गाडी बदलून तीनेक तासांत तिथे पोहोचतो. बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्येच १८५३ च्या डिसेंबरात डिकन्सने ही गोष्ट प्रथम जाहीरपणे वाचली. एक वाचन कामगारांसाठी ठेवावे आणि त्याचे तिकीट त्यांना परवडेल असे असावे, हा त्याचा आग्रह होता. बॉबला पाच शिलिंग परवडत नाहीत हे त्याच्या ध्यानात आले असावे.

श्रूजबरी सेव्हर्न नदीच्या वळणात वसलेले आहे. नदीने गावाला तीन बाजूंनी मिठी घातली आहे. काळ्या तुळयांची आणि पांढऱ्या भिंतींची जुनी घरे वरच्या मजल्याने रस्त्यावर वाकलेली; दोन शेजारणी खिडकीतून वाटीभर साखर सहज देऊ-घेऊ शकतील. गावाच्या नावाचा उच्चार ‘श्रूझबरी’ की ‘श्रोझबरी’ यावर गावकऱ्यांतच एकमत नाही. किल्ल्याजवळ एका दुकानावर पाटी आहे : पेलिन नावाच्या गृहस्थाने १७६० साली इथे श्रूजबरी केक केले. सौ.ने पाटीला हात लावून नमस्कारच केला. ‘लायन’ नावाचे जुने हॉटेल लागले. डिकन्स १८३८ साली तिथे उतरला होता. चौकात १५९६ सालचा दगडी बाजार आहे. खाली धान्य आणि वर कापड विकले जायचे. आज तिथे चित्रपटगृह आहे आणि कॉफीही मिळते. चित्रपटवाल्यांना जुने लंडन हवे होते. लंडनमध्ये ते उरले नव्हते, ते त्यांना या गल्ल्यांत सापडले.

सेंट चॅड्स चर्च १७९२ सालचे, वर्तुळाकार. चार्ल्स डार्विनचे नाव १८०९ साली इथेच ठेवले गेले. मागच्या आवारात जुनी थडगी आहेत. गवत ओले, झाडे निष्पर्ण. त्यांत जमिनीसरसी पडलेली एक शिळा. ईरा पळत जाऊन तिच्यापाशी उभी राहिली. शिळेवर ‘एबनेझर स्क्रूज’ असे कोरलेले होते. शिळा जुनीच, चित्रपटासाठी तिच्यावर हे नाव घातले आणि चित्रीकरण संपल्यावर तिथेच राहू दिले. चाळीस वर्षांच्या पावसाने नाव असे काही मुरविले होते की ज्याला ठाऊक नाही त्याने टोपी काढावी.

“मामा, उभे राहा. फोटो काढतो,” मुकुंद म्हणाला.

मला हसता येईना. गोष्टीत स्क्रूज या दगडापाशी गुडघे टेकतो आणि हे नाव पुसून टाकता येईल का, असे भुताला विचारतो. त्याला एक रात्र मिळाली होती. मला बावीस वर्षे मिळाली होती. सौ. ईराला घेऊन पुढे गेली. तिला पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात.

“मुकुंदा,” मी म्हणालो, “त्या वेळी माझ्याजवळ पैसे होते.”

त्याने फोन खिशात ठेवला. थोडा वेळ गेला.

“माहीत होतं, मामा,” तो म्हणाला. “आईला पण माहीत होतं.” मग माझ्या कोटाची वरची गुंडी लावीत म्हणाला, “वारा सुटलाय. चला, कॉफी घेऊ.”

एवढेच. चित्रपटात अशा वेळी वाद्ये वाजतात. इथे कुठल्याशा झाडावर एक कावळा ओरडत होता. पण चौकातल्या त्या जुन्या बाजारात बसून मी प्यालेली कॉफी तीन पौंडांना पडली आणि तिचे रुपये किती हे मी मोजले नाही. सौ.ने ते ताबडतोब ओळखले.

परत निघताना मी ईराच्या शिक्षणासाठी म्हणून दोन लाखांचा धनादेश मुकुंदच्या हाती ठेवला. व्याजाचा हिशेब केला असता तर आकडा बराच मोठा झाला असता. पण कोणत्या दराने लावायचे? त्याने नको म्हटले नाही. वाकून नमस्कार केला. पण धनादेश काही वटला नाही. मार्च उलटला तेव्हा मी फोन करून विचारले. “देव्हाऱ्यात ठेवलाय, आईच्या फोटोपाशी,” तो म्हणाला. “मुदत संपली असेल ना आता?” धनादेशाची मुदत तीन महिन्यांची. संपली होती. जन्मभर दुसऱ्यांना मुदती सांगणाऱ्या मला काही बोलता आले नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात मुकुंदने कळविले की ती शिळा कुणीतरी फोडली. तिचे तुकडे तुकडे झाले. गावकरी हळहळले, ते पुन्हा सांधता येतील का याची चौकशी सुरू झाली. खोट्या माणसाचे खोटे थडगे. पण बातमी ऐकून मलाही चुटपुट लागली. आमचा फोटो मात्र आहे. त्यात मी हसत नाही आणि वरची गुंडी उघडी आहे.

दिवाळीचा रिवाज आता थोडा बदलला आहे. लक्ष्मीपूजन झाले की फोन मी लावतो. पलीकडून ईरा उचलते. इकडचे-तिकडचे बोलून झाले की शेवटचे वाक्य माझे असते :

“एकदा या.”

ती बापासारखी नाही, मामाआजोबासारखी तर मुळीच नाही. ‘बघू’ म्हणत नाही. “कधी?” म्हणून विचारते.